गंगावन नंबर वन-बी

माझ्या आजीची वेणी वरून पांढरी आणि खालून काळीभोर होती. इंदूरच्या रामबागेतल्या घरी दुपारचा चहा झाला की ती मागच्या ओसरीवर बसायची, उरलेसुरले केस तेल लावून विंचरायची आणि फडताळातल्या पत्र्याच्या डब्यातून गंगावन काढून वेणीत गुंफायची. ते गंगावन तिच्याच केसांचं होतं. तिशी-पस्तिशीत फणीला आलेले केस तिनं साठवले होते आणि कुणाकडून तरी बांधून घेतले होते. पुढे केस पिकले, गंगावन पिकलं नाही. पाठीवर जिथं पांढरं संपून काळं सुरू व्हायचं, तिथं बोट ठेवून आम्ही नातवंडं हसायचो. "दोन्हीकडचे माझेच आहेत," एवढंच ती म्हणायची आणि गोंडा बांधून मोकळी व्हायची.

मला काही असं मोकळं होता आलं नाही. २०२२ पासून मी या एका गोष्टीच्या मागे आहे: खोटे केस खऱ्याला मिळाले पाहिजेत. आणि खरे केस काही एका जागी थांबायला तयार नाहीत.

सुरुवात डेंग्यूनं झाली. सप्टेंबर २०२१. ताप आठवड्यात उतरला, प्लेटलेट वर आल्या, सगळे म्हणाले सुटलीस. डिसेंबरात न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे बोळे जमायला लागले. आम्ही इंदूरकर ज्या मराठीत बोलतो त्यात सांगायचं तर केस नुसते गळूनच राहिले होते. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं की मोठ्या तापात बरेच केस एकदम वाढ थांबवून बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे एकत्रच गळतात. मूळ शाबूत असतं, परत येतील. आलेही. पण येताना कानशिलांवरचे पांढरे आले. वय सेहेचाळीस होतं, तेव्हा तो दोष डेंग्यूवर ढकलणं बरोबर नाही.

फेब्रुवारीत भाच्याचं लग्न होतं आणि माझी वेणी करंगळीएवढी. लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, क्लिपवाले एक्स्टेन्शन घे. कुणाच्या बापाला कळत नाही." तिनंच दुवा पाठवला. मी फोटो बघितला, 'काळा' निवडला, अठराशे रुपये भरले.

इथं पहिला धडा. या धंद्यात काळ्याला नुसतं काळं म्हणत नाहीत, नंबर असतात. एक म्हणजे कुळकुळीत, जवळजवळ निळसर काळा. वन-बी म्हणजे त्याच्या जरा अलीकडचा, आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा काळा. दोन म्हणजे अगदी गडद तपकिरी, उन्हात गेल्याशिवाय तपकिरी न वाटणारा. चार म्हणजे उघड तपकिरी. मी न बघता एक नंबर मागवला होता. कारण आपले केस काळे असतात हे मी शाळेपासून धरून चालले होते. डबा उघडून क्लिपा शिवलेली केसांची पट्टी माझ्या केसांशेजारी धरली तेव्हा पहिल्यांदा दिसलं की माझे केस काळे नाहीतच. कावळ्याच्या पंखाशेजारी जुनी काळी छत्री ठेवावी तसं ते दिसत होतं.

डब्यावर 'शंभर टक्के मानवी केस' लिहिलं होतं. नवऱ्यानं, जो स्वतः बँकेत नोटा तपासण्यात तीस वर्षं घालवून बसलाय, एक केस उपटला आणि मेणबत्तीवर धरला. खरा केस जळताना पिसं जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरगळते. हा आक्रसला आणि टोकाला एक कडक मणी झाला. प्लास्टिक. दुसरा केस खरा निघाला. म्हणजे भेसळ होती. कंपनीला तीन मेल केले. चौथ्याला उत्तर आलं की वापरलेला माल परत घेत नाही.

तरीही लग्नात तोच सेट लावला. सीमान्तपूजनाला रात्री, हॉलच्या पिवळ्या दिव्यांत, कुणाचं लक्षही गेलं नाही. उलट दोघींनी तेल कुठलं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त होता आणि मांडव उघड्या लॉनवर. वहिनी, म्हणजे नवऱ्यामुलाची आई, अक्षता वाटता वाटता माझ्या मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, पाठीला काही चिकटलंय का तुमच्या?" चिकटलेलं नव्हतं. अंबाड्यातून सुटलेली बट होती, एक नंबरची.

तेव्हा ठरवलं की दिव्याखाली काही घ्यायचं नाही. खरं तर हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. शीतलामाता बाजारात आपण साडी घेतो तेव्हा ब्लाऊजपीस हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर येतोच ना? ट्यूबखाली जुळलेला मोरपंखी उन्हात हिरवा निघतो हे आपल्या आयांना ठाऊक होतं. केसांचं तेच. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात. माझ्या केसांतला रंग शरीरानं घातलेला, पट्टीतला कारखान्यात भरलेला.

पुढचा सेट मी दुकानात जाऊन घेतला. सकाळी अकरा वाजता, केस कोरडे, तेल न लावता, मोकळे सोडून. काउंटरवरची मुलगी जेमतेम बावीसची असेल. ती वन-बीचा झुपका घेऊन सरळ माझ्या भांगापाशी गेली, तो मी धरून ठेवला आणि म्हटलं बाहेर चल. पायरीवर आल्यावर तिनंच तो खाली, टोकांकडे नेला. "आंटी, जड़ से नहीं, नीचे से मिलाते हैं." कारण साधं होतं. पट्ट्या लागतात कवटीच्या मागच्या आणि खालच्या भागात, वरच्या केसांच्या झाकणाखाली. मुळं तुमचीच दिसतात. खोटे केस खऱ्यात मिसळतात ते खालच्या अर्ध्यात, टोकांशी. तिथं जुळले तर जुळले.

टोकांशी माझा रंग दोन नंबरच्या जवळ होता आणि मुळाशी वन-बी. मला आश्चर्य वाटलं, मग घरी येऊन हिशेब केला. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. माझे तेव्हा सोळा इंच, म्हणजे चाळीस सेंटिमीटर. टोकाचा केस जवळजवळ पावणेतीन वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेला. तेवढे इंदूरचे उन्हाळे त्यानं खाल्ले, स्कूटरवरचं ऊन खाल्लं, आणि उन्हानं त्यातलं रंगद्रव्य फिकट होत गेलं. बाहेर आलेला केस मेलेला असतो. तो स्वतःला परत काळा करू शकत नाही आणि स्वतःहून पांढराही होत नाही. पांढरं जे काही व्हायचं ते मुळाशी, नव्या केसात. म्हणजे मी टोकाला पट्टी जुळवते तेव्हा ती २०१९ मधल्या माझ्याशी जुळवते. आणि २०२२ मधली मी वरून सरकत खाली येतेच आहे, महिन्याला सव्वा सेंटिमीटर.

हे कळल्यावर मी थोडी गप्प झाले. मग दोन नंबरच्या पाच पट्ट्या आणि वन-बीच्या दोन अशी मिसळ मागितली. मुलीला ते पटलं नाही, सेट फुटत नाही म्हणाली, मालकानं फोडून दिला. सात पट्ट्या, एकशे वीस ग्रॅम, साडेसात हजार. नवऱ्याला मी पाच सांगितलं.

लावायची रीत थोडक्यात सांगते, कारण रंग जुळूनही चुकीच्या जागी लावलेली पट्टी उघडी पडते. मानेपासून दोन बोटं वर आडवा भांग काढायचा, वरचे केस चिमट्यात अडकवायचे, भांगाच्या मुळाशी केस थोडे उलटे विंचरायचे म्हणजे क्लिपला धरायला काही मिळतं, मग पट्टी. चार क्लिपांची रुंद पट्टी कानापासून कानापर्यंत मागे, दोन क्लिपांच्या बाजूंना. भुवईच्या रेषेच्या वर काही लावायचं नाही, तिथले केस झाकायला पुरत नाहीत. रात्री काढायच्याच, माझ्यासारख्या नुकत्या सावरलेल्या केसांना वजनाचा ताण सोसत नाही, ओढून ओढून तिथं टक्कल पडतं. एवढं पुरे. हे आरशासमोर चार वेळा केलं की हात बसतो.

तो सेट आठ महिने इतका चांगला होता की मी तो विसरून गेले. शाळेत रोज लावायचे, मी आठवी-नववीला गणित शिकवते आणि नववीच्या पोरींच्या नजरेतून काही सुटत नाही, त्यांच्याही नजरेतून सुटला. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला खंडवा रोडच्या सभागृहात गेले तर मध्यंतरात मागच्या रांगेतल्या एकीनं केस छान दाट आहेत म्हटलं. मी 'थँक्यू' म्हटलं आणि नजर चुकवली.

मग पट्टी लाल व्हायला लागली.

माझ्या केसांत काही घडलं असेल म्हणून मी आरशात स्वतःकडेच बघत होते. पण बदलत होती ती पट्टी. बाजारातले बहुतेक केस आधी रासायनिक धुतात, त्यांचा मूळ रंग उतरवतात आणि मग एकसारखा नंबर भरतात. हे केस येतात कुठून तेही यानिमित्तानं कळलं. तिरुपतीला उतरवलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं. ते एका झटक्यात कापलेले असतात, सगळ्यांची मुळं एका बाजूला, म्हणून महाग. त्यांना रेमी म्हणतात. आणि स्वस्तातले म्हणजे फणीला आलेले बोळे. आमच्या गल्लीतही फेरीवाला येतो, केसांवर भांडं देतो. त्या बोळ्यांत कुणाचं मूळ कुठं, टोक कुठं काही ठरलेलं नसतं, म्हणून केसांवरचे खवले एकमेकांत अडकून गुंता होतो. तो होऊ नये म्हणून आम्लात घालून खवलेच काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनची चकाकी देतात. पाच-सहा धुण्यांत चकाकी जाते, मग भरलेला रंग निसटायला लागतो आणि खालचा तांबूस उघडा पडतो. माझ्या पट्ट्या मी बोअरिंगच्या पाण्यानं धूत होते हे आणखी एक. आमच्या वसाहतीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते प्यायला भरून ठेवायचं. अंघोळ-धुणं बोअरिंगवर, आणि ते पाणी असं जड की बादलीला पांढरा थर धरतो. केस त्यानं राठ होतात. आता पट्ट्या नर्मदेच्या पाण्यानं धुते. सासूबाईंना ते अजिबात मान्य नाही. "पिण्याचं पाणी खोट्या केसांना!" म्हणतात. त्यांचंही चूक नाही.

माझ्या स्वतःच्या केसांना तेव्हा काळी मेंदी लागत होती, दर तीन आठवड्यांनी, पुडीतली. जून २०२३ मध्ये कानामागे पुरळ आलं. मी उष्णतेचं समजून कोरफड लावली. पुढच्या वेळी डोळ्यांवर सूज, मानेवर पाणी भरलेले फोड. त्याच डॉक्टर बाईंनी पुडी मागवली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि बोट ठेवलं: पीपीडी, लांब नाव पॅराफेनिलिनडायअमिन. त्या म्हणाल्या, मेंदीच्या पानाचा रंग लालसर-नारिंगीच असतो, दुसरा कुठला नसतो. जी मेंदी अर्ध्या तासात काळं करते तिच्यात हे आलंच. आणि एकदा अंगानं हे ओळखून ठेवलं की ते विसरत नाही, पुन्हा लावू नका. वापरायच्या आधी कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबा असं पुडीवर लिहिलेलं असतं. आजवर कुणी थांबलंय?

मग मी साधी सोजतची मेंदी आणली. लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवून. परिणामी दिवाळीपर्यंत माझ्या डोक्यावर तीन पट्टे होते: मुळाशी नवीन काळे-पांढरे, मध्ये मेंदीनं काळे केस काळेच राहिलेले पण पांढरे नारिंगी झालेले, आणि खाली जुन्या काळ्या मेंदीचं मेलेलं काळं. कुठली पट्टी जुळवणार? लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "आई, आपल्या मांजरीसारखी दिसतेस." आमची मांजर तिरंगी आहे.

शेवटी खालचं काळं जमेल तेवढं कापून टाकलं. केस खांद्यापर्यंत आले. प्रश्न राहिला मधल्या नारिंगी-तपकिरीचा, आणि त्याला मिळणारा नंबर कुठल्याच दुकानात नव्हता. तेव्हा वाटलं, रंग मिळत नाही तर करू. मानवी केसांची पट्टी असेल तर ती आपल्या केसांसारखीच रंगते, फक्त गडद करायची, फिकट करायला जायचं नाही. आधीच रसायनांतून गेलेला केस ब्लीचला टिकत नाही. प्लास्टिकची तर मुळीच रंगत नाही. म्हणून चार नंबरची एक पट्टी सुटी आणली, मला हव्या रंगापेक्षा फिकट.

रविवारी सकाळी गॅलरीत बसले. पट्टी उलटी केली, आतल्या बाजूनं, जिथं कुणाला दिसणार नाही अशा जागी तीन बारीक बटा वेगळ्या काढल्या आणि त्यांना तीन रंगांचे दोरे बांधले: पिवळा, हिरवा, निळा. क्लिपांना व्हॅसलीन लावून वर घरातली चांदीच्या कागदाची फॉइल गुंडाळली. तिन्ही बटांवर मेंदी चोपडली. पिवळा दोरा वीस मिनिटांनी धुतला, हिरवा चाळीस, निळा एक तासानं. पंख्याखाली वाळवल्या. माझ्या डोक्याला मेंदी दोन तास लागते, तेव्हा तासभर तर कमीच पडेल असा माझा अंदाज होता. निळा दोरा वाळून आला तो विटेसारखा, लालभडक. हिरवा हवा त्यापेक्षा जरा जास्त. पिवळा, वीस मिनिटांचा, माझ्या मधल्या केसांशेजारी धरला तर कुठला कुणाचा ते कळेना. खवले काढलेला केस रंग टिपकागदासारखा ओढतो. हे आधी करून बघितलं नसतं तर पूर्ण पट्टी दोन तास भिजवली असती आणि सातबाराच्या बस्त्यासारखं लाल फडकं डोक्याला लावून फिरले असते. शिवाय मेंदीचा रंग पुढचे दोन दिवस गडद होत जातो, आपण हातावर बघतो तसाच. पिवळ्या दोऱ्याची बट मंगळवारी हिरव्याच्या जवळ गेली. म्हणून पूर्ण पट्टीला मी बारा मिनिटं दिली.

बारा मिनिटांची ती पट्टी सुरेख जमली आणि मला जेमतेम तीन महिने उपयोगी पडली. कारण दिवाळीनंतर मी मेंदीच सोडली. कंटाळा हे एक कारण. दुसरं असं की नारिंगी बटा मला आवडतच नव्हत्या, मी फक्त पांढऱ्याला घाबरून त्या सोसत होते.

मार्चपर्यंत कानशिलांवर पाच-सहा सेंटिमीटर पांढरं उतरलं. रंगपंचमीला राजवाड्याजवळ नणंदेकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलो. ज्यांनी इंदूरची गेर बघितली नसेल त्यांना काय सांगू, टँकरमधून रंग उडतो, यंत्रांतून गुलाल तीन मजले वर जातो. आम्ही दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत होतो, तरी न्हालो. बाकीच्यांचे केस दोन अंघोळींत साफ झाले. माझ्या कानशिलांवर गुलाबी तुरे राहिले. काळ्या केसावरही रंग बसतोच, दिसत नाही इतकंच. दोन आठवडे मी गुलाबी कानशिलं घेऊन नववीला त्रिकोणमिती शिकवली. पोरी फार खूश होत्या. एकीनं विचारलं, "मॅम, कौन से पार्लर से?"

पुढचं उत्तर सापडलं ते नवऱ्याच्या मित्रामुळे. त्याला टक्कल आहे आणि तो पॅच, म्हणजे टक्कल झाकणारा केसांचा तुकडा, लावतो हे आमच्या अख्ख्या कंपूला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. एकदा चहाला आला असताना मी त्याच्या डोक्याकडे जरा जास्तच बघत होते. कारण त्याच्या पॅचमध्ये पांढरे केस होते. मोजके, पेरल्यासारखे. न राहवून विचारलंच, "भावजी, हे पांढरे कुठं मिळतात?" त्यानं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग हसला.

तो मला ज्या हेअर पॅचवाल्याकडे घेऊन गेला त्याचं दुकान एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे, पाटीवर फक्त पुरुषांचे फोटो. बाकड्यावर चार टकले वाट बघत होते, मला बघून चौघांनी मोबाइल काढले. त्याच्याकडे किल्ल्यांच्या जुडग्यासारखी एक कडी होती, तिला केसांचे छोटे झुपके, प्रत्येकाला चिठ्ठी. वन-बी टेन, वन-बी ट्वेंटी, वन-बी थर्टी. काळ्यात दहा टक्के पांढरे, वीस टक्के, तीस टक्के. बायकांच्या दुकानांत मी दोन वर्षं फिरले. तिथं पांढऱ्यासाठी एकच सल्ला, रंगवा. पुरुषांसाठी मात्र पिकण्याचा टक्का मोजून माल तयार होता. मला राग आला आणि आनंदही झाला.

त्यानं मला खिडकीशी बसवलं. बारीक कंगव्यानं कानशिलावर एक भांग, टाळूवर एक, मानेशी एक. प्रत्येक ठिकाणी झुपका टेकवून बघितला. "साइड में फिफ्टी है, ऊपर ट्वेंटी, और नीचे गर्दन पे तो टेन भी नहीं है भाभीजी." मी स्वतःला सरसकट तीस समजून चालले होते. केस पिकायला साधारण कानशिलांपासून सुरुवात होते, मग टाळू, मान सगळ्यात शेवटी. आणि पट्ट्या लागतात मानेकडे! म्हणजे तीस टक्क्यांचा सेट घेतला असता तर मागे, जिथं मी अजून काळी आहे, तिथंच म्हातारी दिसले असते. त्यानं कागदावर डोक्याचं एक वर्तुळ काढलं आणि पट्टीपट्टीचा टक्का लिहिला: सगळ्यात खालची नुसती वन-बी, तिच्यावरची दहा, तिच्यावरची वीस, बाजूच्या दोन चाळीस.

कशी बनते ते बघायला मी थांबले. टेबलाला एक फळी बसवलेली, तिच्यावर दाट लोखंडी खिळे उभे. काळ्या केसांची जुडी एका हातात, पांढऱ्यांची चिमूट दुसऱ्यात. दोन्ही एकत्र धरून तो खिळ्यांतून ओढायचा, अर्धे सोडायचा, परत ओढायचा. पहिल्या ओढीत पांढऱ्याचा वेगळा पट्टा दिसत होता. दहाव्या-बाराव्या ओढीनंतर तो विरला आणि झुपका करडा न दिसता काळाच दिसायला लागला, मध्ये मध्ये एकेक चमक. तराजू नव्हता. टक्का हातातच होता. "पांढरे खरे आहेत का?" म्हटल्यावर म्हणाला, "सिंथेटिक. असली सफेद मिलता कम है और पीला पड़ जाता है." म्हणून या पट्ट्यांना इस्त्री चालत नाही, केस सरळ करायचं यंत्र लावलं तर पांढरे तेवढे आक्रसतात. मी एकदा अगदी टोकाला लावून बघितलं. खरंच आक्रसतात.

तयार पट्ट्या पंधरा दिवसांनी मिळाल्या. रंग अचूक होता, पण पहिल्या दिवशी तरी काहीतरी खुपत होतं. माझे पांढरे केस राठ, तारेसारखे, भांगातून उभे राहणारे. पट्टीतले पांढरे शिस्तीत, जरीच्या धाग्यासारखे चकचकीत. दोन-तीनदा धुतल्यावर आणि पलंगावर अंथरून नुसत्या बोटांनी विस्कटल्यावर ते माणसात आले. सासूबाई बाजूला वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी चाळीसवाली पट्टी उचलली, चष्मा वर करून बघितली. "पांढरे केस विकत आणलेस?" म्हणाल्या. मग बराच वेळ वाती वळल्या आणि म्हणाल्या, "किती पैसे पडले?" मी या वेळी खरा आकडा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत, वात मात्र जाडच झाली.

हे २०२४ च्या ऑक्टोबरातलं. आता वर्ष उलटून गेलंय. सेट एकदम बदलायचा नाही असं मी आणि पॅचवाल्यानं ठरवलंय. सहा-आठ महिन्यांनी डोकं दाखवायला जाते, तो कडी काढतो, जी पट्टी मागे पडली असेल तेवढीच नवीन करतो. वीसवाली खाली सरकते, दहाच्या जागी. नुसती वन-बी सगळ्यात खालची अजून चालतेय. प्रत्येक पट्टीच्या शिवणीला मी आतून रंगीत दोरा बांधलाय, नाहीतर सकाळी सव्वासहाला अर्ध्या झोपेत चाळीसची मानेवर जाते. एकदा गेली होती. नववीच्या मागच्या बाकावरून लगेच कुजबुज.

उजव्या कानशिलाचं अजून जमलेलं नाही. ते डाव्यापेक्षा फार पुढे गेलंय, साठ तरी असेल, आणि पॅचवाला म्हणतो एका बाजूला एक आणि दुसरीकडे दुसरी पट्टी बनवतो. मी तूर्त भांग बदललाय.